सेत्सुचं भांडं

दाहिनीतल्या माणसानं पांढऱ्या हातमोज्यांत भांडं घेतलं, खिडकीच्या उजेडाकडे एकदा वळवलं आणि कुणाला लागू नये अशा हलक्या आवाजात विचारलं, "हे वाटणीचं ना? मोठं पात्र मागून येतंय का?"

किनुएला प्रश्नच कळला नाही. आत्ता, डोळ्यांदेखत, पोलादी दारामागे धाकटी बहीण सेत्सु गेली होती. दाराचा खटका बसल्याचा आवाज अजून दातांत होता. अशा वेळी वाटणी, मोठं, मागून असले शब्द माणसाला कुठून कळणार? पण कळलं नाही असं म्हणायची तिला सवय नव्हती. मान ताठ करून ती म्हणाली, "मोठं कशाला? हेच तिचं."

तो अवघडला. "बाईसाहेब, थोड्या अस्थी माहेरी न्यायच्या असल्या की लोक एवढं आणतात. सगळ्या काही यात मावायच्या नाहीत." आणि त्यानं हवेतच दोन्ही हातांनी एक आकार धरून दाखवला. घरच्या भाताच्या मोठ्या पातेल्याएवढा.

"सगळ्या कोण घेतं?"

"इकडे सगळेच घेतात," तो म्हणाला. मग कमरेत वाकून म्हणाला की घाई नाही, तासभर आहे, लागलंच तर साधी पांढरी पात्रं इथं कचेरीत मिळतात. भांडं त्यानं दोन्ही हातांनी परत दिलं, जसं घेतलं होतं तसंच, जपून. त्या जपण्याचाच तिला राग आला.

प्रतीक्षेच्या खोलीत तिनं ते मांडीवर ठेवलं आणि रेशमी फडक्याची चारी टोकं पुन्हा त्यावर ओढली. समोर मेहुणा, एइसाकु, काळ्या कोटात बसला होता. बाह्या आखूड पडल्या होत्या, मनगटं बाहेर आली होती, नखांच्या कडेला सायकलीच्या तेलाची काळी रेघ, जी लग्नाच्या दिवशीही होती. त्याच्या शेजारी भाची, मिझुहो, चहा ओतत होती. दोघांनी सगळं ऐकलं होतं आणि दोघंही काही बोलत नव्हते, आणि ते न बोलणं किनुएला ओळखीचं होतं. घरी भट्टीतून तडकलेलं भांडं निघालं की कामगार असेच उभे राहायचे, जणू आपल्याला दिसलंच नाही.

चूक तिला आता पुरती कळली होती. अशी चूक की जी क्योतोच्याच माणसानं करावी. तिकडे माणूस जळून झाला की घरचे काड्यांनी पायापासून डोक्यापर्यंत थोडं थोडं उचलतात, पायाचं एखादं, मांडीचं एखादं, आणि शेवटी गळ्यातला तो मणका, ज्यात हात जोडून बसलेला बुद्ध दिसतो; मग झाकण लागतं. उरलेलं मागं राहतं, देवळाच्या दगडाखाली सगळ्या गावाबरोबर एक होतं. बाबांचं भांडं वीतभर होतं. आईचं त्याहून लहान. हे कुणी कुणाला शिकवत नाही, जसं भाताचा वाडगा कुठल्या हातात धरायचा ते शिकवत नाही. इतर कुठं काही वेगळं असेल हे तिच्या मनाला शिवलंच नाही. क्योतोच्या माणसाला सगळं जग क्योतोसारखंच वाटतं, आणि जे तसं नसतं ते अजून शिकायचं राहिलंय असं वाटतं. माती वाळताना किती आवळते, भट्टीत आणखी किती, ओठाची कड झाकणाला कुठं भेटेल, खाच केसभर खोल गेली तर निळा किती गडद साचेल, सगळं तिनं मोजलं होतं. फक्त सेत्सु तोक्योत जळणार आहे एवढंच मोजलं नव्हतं. आणि काल रात्री मिझुहो म्हणाली होती, "मावशी, दाखव की," तर आपण काय म्हणालो होतो? जिचं आहे तिच्याआधी कुणी बघायचं नाही. ते वाक्य तेव्हा कसं रुबाबात निघालं होतं तोंडातून. आता माशाच्या काट्यासारखं घशात आडवं बसलं होतं.

पण फडक्याखाली बोटं गेली आणि बोटांना ते फूल लागलं, आणि इतकं सगळं असूनही तिच्या छातीत काहीतरी पुन्हा सरळ उभं राहिलं. चूक मापाची होती. हाताची नव्हती.

सेन्न्यू-जी देवळाच्या उतारावर त्यांचं घर. पुढं दुकान, मागं काम, आणि कामाच्या मागं भिंतीलगत एक ओली चिंचोळी पट्टी, जिथं आई मुळे लावायची. घराण्याचं फूल म्हणजे पिओनी. आजोबांनी कोरलं, बाबांनी कोरलं, पाकळीत पाकळी, पाकळीत पाकळी, राजाच्या घरचं फूल. अर्धवट वाळलेल्या मातीत कोरणी तिरकी धरायची, एका अंगानं उतार आणि एका अंगानं कडा, म्हणजे वरून झिलई आली की ती उतारावरून घरंगळून कड्यापाशी साचते आणि तिथं निळी होते. रंग असा कुठं लावायचा नसतोच. पांढऱ्या मातीवर एक पारदर्शक पाणी, त्यात लोखंडाचा श्वास असावा तेवढा अंश. पातळ असेल तिथं ते काहीच नसतं, आणि खोलात शिरलं की पहाटेच्या आधीचं आभाळ. म्हणून कोरणाऱ्याला निळा दिसत नाही. तो राखाडी मातीत नुसती खोली कोरतो आणि मनात म्हणतो, इथं सावली, इथं जरा जास्त, इथं काही नको. किनुए नऊ-दहा वर्षांची असताना बाबांनी तिची पहिली पाकळी बोटानं चाचपली होती, डोळे मिटून, आणि काही बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर त्यांची स्वतःची जुनी कोरणी ठेवलेली होती. बस. त्या घरात कौतुक असं व्हायचं. त्या एका कोरणीवर ती आजपर्यंत ताठ चालत आली होती.

पण कोरून भागत नाही. वरून पाणी देणारा हात लागतो, आणि तो हात सेत्सुचा होता. धाकटी कोरायला बसली की पेंगायची. बाबा म्हणायचे, ही पोर मातीत काही मागे ठेवत नाही, आणि नुसती हसते. पण एकदा भाजलेलं कोरडं भांडं पायाशी तीन बोटांत धरून तिनं झिलईच्या पिंपात उलटं बुडवलं आणि वर काढताना मनगटाला असा एक झटका दिला, जसा नुकतं आंघोळ झालेलं कुत्र्याचं पिल्लू देतं, आणि त्या भट्टीतून जे निघालं ते बघून आजोबांच्या वेळचा म्हातारा कामगार टोपी काढून उभा राहिला. क्षणभर जास्त बुडवलं तर झिलई जाड बसून पाकळ्या गुदमरतात. क्षणभर कमी, तर फूल कोरडं, आजारी दिसतं. सेत्सु मोजायची नाही. आईनं कामाच्या नादात जुळवलेल्या दोन ओळी होत्या, त्या ती गुणगुणायची:

खाच कोरी थोरली, पाणी ओती धाकली,
पाकळीच्या कुशीत निळी सावली झाकली.

पहिल्या शब्दाला भांडं आत, शेवटच्या शब्दाला बाहेर. उन्हाळ्यात झिलई दाट व्हायची तेव्हा ती चाल जलद म्हणायची, थंडीत रेंगाळायची. एवढंच तिचं शास्त्र. गावात म्हणायचे, त्या घरच्या दोन मुली म्हणजे एक पाट खणते आणि एक पाणी सोडते. किनुएला ते ऐकायला आवडायचं, आणि त्यात खणणारीचं नाव आधी येतं हेही आवडायचं.

"ताई, चहा निवतोय," एइसाकु म्हणाला.

तिनं घोट घेतला. तोक्योचा चहा, रंग आहे, बाकी काही नाही. मिझुहोनं लाल चवळीच्या सारणाचा एक गोड उंडा, मांजू, पुढं सरकवला, तो तिनं बोटानं तसाच परत सरकवला.

"मी काय म्हणतो," एइसाकुनं घसा साफ केला. "राग मानू नका. मला सगळी हवी."

"सगळी म्हणजे?"

"म्हणजे सगळी. राखसुद्धा. ते लोक शेवटी छोट्या कुंच्यानं झाडून भरतात, बघितलंय मी आईच्या वेळी. तुमच्याकडं उरलेल्याचं काय करता?"

"देवळात ठेवतात. एकत्र. पूजा होते रोज."

"म्हणजे टाकून येता."

"टाकत नाही. निवडतो."

"आमच्या दुकानात," एइसाकु म्हणाला, आणि चहाच्या पेल्याशी बोलल्यासारखा बोलत राहिला, "सायकल खोलून परत जोडली आणि बाकड्यावर एक जरी स्क्रू उरला, तर गिऱ्हाईक काय म्हणेल? छान निवडलंत, म्हणेल?"

मिझुहोला हसू आलं आणि तिनं ते रुमालात दाबलं. किनुएला हसू आलं नाही. तिला आठवलं, असंच काहीतरी हा माणूस लग्नाआधी त्यांच्या घरी आला तेव्हा बोलला होता. बाबांनी त्याच्यापुढं घराण्यातली पिओनीची थाळी ठेवली होती, आणि यानं ती बघून विचारलं होतं, यात खायला काय वाढतात. सेत्सु दाराआड हसत सुटली होती. त्या हसण्यातच ती गेली होती खरं तर. आगगाडी नंतर सुटली. किनुए स्टेशनवर गेली नाही. भट्टी लागली आहे असा निरोप दिला, आणि भट्टी काही लागलेली नव्हती. ती कोरत बसली होती, एक पिओनी, आणि त्या पिओनीवर पाणी कोण देणार हे ठाऊक नव्हतं. पुढं तिनंच दिलं. बुडवायला शिकली ती, पिंपाशी उभी राहून, चांगलं बुडवायची, बक्षिसं आली, दुकानांतून मोठ्या घरांत भांडी गेली, बाबा गेले, लाकडाची भट्टी शहराला धूर नको म्हणून गेली आणि गॅसची आली. लोक म्हणत, किनुएबाईंचा निळा. ती मान तुकवायची. आत तिला माहीत होतं की हा निळा तिनं बरोबर मोजलेला निळा आहे. न मोजलेला तोक्योच्या एका गल्लीत, सायकलींच्या मागं, भांडी घासतोय.

मग गेल्या शरदात फोन. सेत्सुचा आवाज बारीक, पण चेष्टा तशीच. "ताई, डॉक्टरांनी मला मुदत दिलीय. तुझी ऑर्डरची वही भरलेली असेल, पण बहिणीला मध्ये घुसव."

"काय पाहिजे?"

"घर. एका माणसाचं. झाकणासकट."

किनुए फोन धरून उभी राहिली. तिनं गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "पिओनी?"

"नको गं बाई. त्यात मी राणीच्या गादीवर झोपल्यासारखी दिसेन. मुळ्याचं फूल कोर."

"मुळ्याचं?"

"आईच्या. ती बियांसाठी दोन ठेवायची ना मागं, उंच वाढलेले, खायला निबर झालेले. त्यांचं."

किनुए म्हणाली, विचार करते. आणि क्योतोत विचार करते म्हणजे नाही, हे सेत्सुला तिच्याइतकंच ठाऊक होतं. पलीकडे ती नुसती हसली. त्या हिवाळाभर किनुए धुमसत होती. तीन पिढ्यांच्या हातातून पिओनी उतरलेल्या घरात मुळ्याचं फूल. उद्या कांद्याचं म्हणेल. पण तिनं त्या ओल्या पट्टीत दोन मुळे न उपटता ठेवले. वसंतात त्यांना तुरे आले. ती स्टूल घेऊन समोर बसली, कोरणीशिवाय, आणि बघत राहिली. चार पाकळ्या. फक्त चार. पांढऱ्या, कडेला वाइनच्या थेंबानं पुसल्यासारखा जांभळा, आणि प्रत्येक पाकळीवर शिरा, इतक्या बारीक की डोळ्यांत पाणी आल्याशिवाय दिसत नाहीत. पिओनीत एक पाकळी चुकली तर तिच्यावर दुसरी टाकता येते. इथं लपायला जागाच नव्हती. पहिली काही भांडी तिनं ओल्या मातीत परत मळली. मग एका सकाळी हात आपोआप हलका झाला, कड्याची खाच जिथं खोल जायची तिथं तो गेला नाही, अलीकडेच थांबला, आणि राखाडी मातीवर ते चार पाकळ्यांचं क्षुद्र फूल असं उमटलं की वाऱ्यानं आत्ता हलेल. तिनं कोरणी खाली ठेवली. साठ वर्षं ओलांडलेली बाई, एकटीच कारखान्यात, स्वतःशी मोठ्यानं म्हणाली, "हे मला येतं." आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली. तिला वाटलं, बाबा असते तर डोळे मिटून चाचपत बसले असते, आणि ठेवायला कोरणी उरली नसती त्यांच्याकडं.

पावसाळ्याआधी सेत्सु आली. गाडीतून उतरली तेव्हा किनुएनं तिला ओळखलं ते हसण्यावरून. बाकी ओळखण्यासारखं फारसं शिल्लक नव्हतं. भांडं एकदा भाजून झालेलं, खडूसारखं कोरडं, फळीवर उभं होतं. सेत्सु त्याच्याजवळ गेली आणि बराच वेळ काही बोलली नाही, आणि सेत्सु बोलत नाही याचा अर्थ त्या घरात एकच होता: जमलंय. मग ओला स्पंज घेऊन ती आतली धूळ पुसायला लागली. हात आत गेला, मनगटाच्या वर जाऊन तळाला टेकला. तशीच ती थांबली, हात आत, मान जरा कलती, जणू कुणाच्या खिशात काहीतरी शोधतेय.

"पुरे आहे," ती म्हणाली.

"आता तू आहेसच केवढी," किनुए म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

पण सेत्सु हसली. "बाजूला हो. माझ्या घराला रंग मी देणार."

तिनं दिला. किनुएनं पिंप ढवळून दिलं, एवढंच तिचं काम. दोन ओळी सेत्सुनं गुणगुणल्या नाहीत, ओठ नुसते हलले. मनगटाचा तो झटका आला. कुठून आला कोण जाणे, त्या काटकुळ्या हातात. भट्टी उघडली तेव्हा सेत्सु तोक्योला परतली होती. किनुएनं भट्टीचं दार बाजूला केलं आणि तिथंच विटेवर बसली. भांडं पांढरं होतं. नुसतं पांढरं, आणि मग नजर स्थिर झाली की पाकळ्यांच्या कुशीतून निळं वर यायचं, विहिरीत आभाळ दिसावं तसं. तिनं आधी स्वतःची खाच बघितली, सवयीनं. मग तिला खाच कुठली आणि पाणी कुठलं हे वेगळं करता येईना. एका मोठ्या दुकानाचा माणूस दुसऱ्याच आठवड्यात आला, त्याच्या प्रदर्शनासाठी हेच हवं म्हणाला, गयावया केली. "ते दिलेलं आहे," ती म्हणाली. आणि असं म्हणताना ती इतकी ताठ उभी होती की कमरेत उसण भरली.

ते हे भांडं. आणि दाहिनीतला माणूस म्हणतो, वाटणीचं.

"तिला तरी माहीत असायला हवं होतं," ती एकदम म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "इतकी वर्षं तोक्योत राहिली. तिला कुणाचं कधी बघायला नाही मिळालं?"

मिझुहो आणि एइसाकुनं एकमेकांकडं पाहिलं.

"माहीत होतं की," मिझुहो म्हणाली. "आजीच्या वेळी ती होती ना. तिनंच उचलल्या अस्थी, बाबांबरोबर. गाडीत ते पात्र मांडीवर घेऊन बसली होती. घरी येईपर्यंत म्हणत होती, सासूबाई जिवंतपणी मांडीवर बसल्या नाहीत, आता बसल्या."

किनुएच्या हाताखालचं भांडं थंडगार होतं. म्हणजे सेत्सुला माहीत होतं. हात आत घालून ती थांबली होती, तेव्हा तिला माहीत होतं. माप कळत होतं तिला, आपल्यापेक्षा चांगलं. आणि ती म्हणाली, पुरे आहे. का? किनुएच्या मनात पहिली आली ती जुनी, आंबट गोष्ट: त्या घरात तिची चूक तिला कुणी सांगत नसे. कामगार सांगत नसत, आई सांगत नसे. खाच जास्त खोल गेली तर सेत्सु मुकाट झिलई पातळ करून घ्यायची आणि ताईचं फूल वाचवायची. तसंच असेल. मरणाच्या दारातही ही ताईचं फूल वाचवत होती. कान तापले तिचे. एवढी का आपली भीती होती सगळ्यांना? सख्ख्या बहिणीलाही? पण दुसरंही काही असेल. असेल की, तिला एवढंच द्यायचं होतं आपल्याला. एवढंच, आणि एवढं तरी. सगळं त्या सायकलवाल्याचं, त्यातलं मूठभर माहेरचं, आणि हे तोंडानं सांगितलं असतं तर आपण काय म्हणालो असतो ते तिला पाठ होतं. मोठं भांडं केलं असतं आपण. सगळी सेत्सु मागितली असती. आपण तेच तर करतोय आत्ता, या खोलीत, मूठभर मापाचं भांडं घेऊन अख्ख्या बाईवर हक्क सांगत बसलोय, आणि त्याला नाव देतोय निवडणं. खरं काय होतं ते आता विचारायला कुणी नव्हतं. दोन्हीही असेल. सेत्सु एका झटक्यात दोन कामं करायची.

दार सरकलं. तो माणूस वाकून उभा होता. झालं होतं.

किनुए उठली. "ते कचेरीतलं," ती म्हणाली, आणि दुकानात गिऱ्हाइकाला माल सांगतात तशी सांगत गेली, "पांढरं पात्र. असेल त्यात सगळ्यात मोठं आणा. झाकण घट्ट बसतंय का ते मी बघणार आहे. ही कारखान्यातली झाकणं डुगडुगतात."

एइसाकु कोटाची बाही ओढत राहिला.

पत्र्यावर सेत्सु पांढरी झाली होती. किनुएला भीती होती की आपल्याला बघवणार नाही, पण आयुष्यभर भट्टीतून निघालेलं बघितलेले डोळे आपोआप बघायला लागले: चांगली आच लागलीय, सगळीकडं सारखी, कुठं काळं नाही, धूर धरलेला नाही. हाडं कोरडी, हलकी, कडेला किंचित गुलाबी. जवळ गेलं की तीच ऊब तोंडावर येत होती, भट्टीचं दार पहिल्यांदा उघडल्यावर येते ती. त्या माणसानं दोघांच्या हातात काड्या दिल्या, एक बांबूची आणि एक लाकडाची अशी जोडी प्रत्येकाला. रीत दोन्ही गावांत एकच होती: एक हाड दोघांनी मिळून उचलायचं. दुसऱ्या कुठल्याही वेळी असं धरणं अशुभ. फक्त इथं चालतं.

"ताई, आधी तुमचं भरा," एइसाकु म्हणाला.

ती पुढं झाली आणि थांबली. निवडणं तिच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. गळ्यातला बुद्ध हवा होता तिला. वाटेत गाडीतच ठरवून आली होती. तो माणूस तो वेगळा काढून, हातमोज्यावर ठेवून दाखवत होता, हात जोडून बसलेला, अगदी सुबक, तडा न गेलेला.

"तो मोठ्यात," किनुए म्हणाली. "सगळ्यात शेवटी, वर. बसू दे तिला तिच्या सगळ्या पसाऱ्यावर." मग एइसाकुकडं न बघता म्हणाली, "माझ्यासाठी तुम्ही निवडा. तुम्हाला ती जास्त ठाऊक."

एइसाकुनं बराच वेळ घेतला. एखाद्या मोडक्या सायकलीपाशी उकिडवं बसून कुठून आवाज येतोय ते ऐकावं, तसा तो वाकून बघत होता. मग काडीनं दाखवलं.

"उजवा हात न्या," तो म्हणाला. "तुमच्याच घरचा आहे तो. मी आपला जन्मभर त्याला भांडी घासायला लावलं."

"नीट तरी घासायची का?"

"कसली. फोडायची. दर वर्षाअखेर नवे वाडगे आणावे लागायचे."

तो माणूस मान खाली घालून उभा होता. मिझुहो रडत होती आणि हसत होती. किनुएनं तिच्या बाजूनं काड्या लावल्या, एइसाकुनं त्याच्या. मधल्या हाडाला काही वजनच नव्हतं, आणि तरी दोघांनाही वाटत होतं, आपल्या हातून सुटलं तर. त्यांनी ते भांड्यावर नेलं आणि हळूच आत सोडलं. आवाज झाला. बारीक, स्वच्छ, न तडकलेल्या भांड्याला टिचकी मारल्यावर येतो तसा. किनुएनं तो पुरता ऐकला, आणि दुसरं हाड उचललं.

मोठं पात्र भरायला वेळ लागला. शेवटी कुंचा आला, आणि एइसाकु वाकून बघत राहिला, पत्र्याच्या कोपऱ्यात काही उरलं तर नाही ना. झाकण किनुएनं स्वतः बसवून पाहिलं, डुगडुगत नव्हतं. तिनं त्याला नावं ठेवली नाहीत.

बाहेर टॅक्सी उभी होती. मिझुहो पुढं बसली, किनुए मागं. मागचं दार उघडं धरून एइसाकु घोटाळला. त्याच्या छातीशी पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं मोठं खोकं होतं, आणि त्याची नजर तिच्या हातातल्या रेशमी गाठोड्यावर होती.

"ताई, एक विचारू? घरी पोचेपर्यंत ते मी घेऊ का? मी नीट बघितलंच नाही. तुम्ही काल दाखवलं नाहीत."

तिनं एकदा त्याच्या तेलकट नखांकडं पाहिलं. मग गाठोडं शेजारी ठेवून दोन्ही हात पुढं केले. त्यानं खोकं तिच्या मांडीवर ठेवलं, आणि तिनं भांडं त्याच्या हातात दिलं.

गाडी चालू लागली. शेजारी फडकं सुटल्याची सळसळ झाली, आणि मग काहीच आवाज नाही. यात खायला काय वाढतात, असं त्यानं विचारलं नाही. किनुएनं तिकडं वळून पाहिलं नाही. तिला वळताच येत नव्हतं. मांडीवरचं वजन तिला गादीत दाबत होतं, गुडघे हळूहळू बधिर होत होते, आणि कापडातून ऊब आरपार येत होती, किमोनोतून, कातडीतून, पोटापर्यंत. तिला वाटलं होतं, खडूसारखं हलकं असेल. तिनं दोन्ही हातांनी ते कवेत धरलं तरी हात पुरेनात. केवढी होती ही. केवढी मोठी बाई, एवढी वर्षं, या शहरात, सासू, सायकली, फुटलेले वाडगे, हसणं, सगळ्यासकट; आणि आपण तिला ओंजळीत मोजत होतो. गाडी चौकात वळली, खोकं किंचित कललं, आणि किनुएनं गादीला पाठ टेकू न देता, ताठ बसून, त्याला स्वतःच्या अंगानं आधार दिला. सिग्नलला शेजारच्या गाडीतली एक बाई काचेतून बघत होती. बघ, किनुएनं मनात म्हटलं, नीट बघ, ही माझी बहीण.